गंजगोलाईतील सुगंधी तेलांचे दुकान : माल बरा, सल्ला धोक्याचा

लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर काष्ठौषधी आणि सुगंधी तेले विकणारे एक जुने दुकान आहे. गेल्या दीड वर्षात मी तेथून नऊ प्रकारची तेले घेतली, घरी वापरली, काही नातलगांना दिली आणि एका तेलाचा फार वाईट अनुभवही घेतला. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. मला जे सांगायचे आहे ते या एका दुकानाला लागू आहे तसेच नांदेड, परभणी, बीड येथल्या अशा कोणत्याही दुकानाला लागू आहे, आणि नाव वाचून लोक फक्त त्या एका पायरीवरून परत फिरतील, एवढाच त्याचा उपयोग होईल. मी बावीस वर्षे ग्रामीण रुग्णालयात औषध वाटपाच्या खिडकीत काम केले आहे, म्हणून बाटली हातात आली की माझी नजर आधी लेबलवर आणि मग झाकणावर जाते. हा अभिप्रायही त्याच नजरेने लिहिलेला आहे.

ज्यांना हल्ली सगळे एसेन्शियल ऑइल म्हणतात ती ही बाष्पनशील तेले आपल्या घरातल्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखी नसतात, ही पहिली गोष्ट ग्राहकाला कळायला हवी आणि ती या दुकानात कोणी सांगत नाही. गवती चहाच्या शंभर किलो ओल्या पातींचे वाफेवर ऊर्ध्वपातन केले, तर हाती जेमतेम अर्धा किलो तेल येते. आपण चहात दोन पाती टाकतो. बाटलीतला एक थेंब म्हणजे मूठभर पातींचा ऐवज असतो. अंगणातल्या गवती चहाने आजवर कोणाला काही झाले नाही, म्हणून त्याचे तेलही निर्धोक आहे, हा हिशेब येथेच चुकतो. वनस्पती तीच असली तरी मात्रा ती राहिलेली नसते.

आधी मालाबद्दल लिहिते, कारण तो बऱ्याच अंशी चांगला आहे. निलगिरी, लवंग, गवती चहा, पुदिना आणि टी ट्री ही पाच तेले मला समाधानकारक वाटली. घरी करता येण्यासारखी एक ढोबळ परीक्षा म्हणून मी कोऱ्या कागदावर प्रत्येकाचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवला होता. सकाळी या पाचांपैकी एकाचाही तेलकट डाग मागे राहिला नव्हता, याचा अर्थ त्यांत खोबरेल किंवा पॅराफिनसारखे न उडणारे तेल मिसळलेले नव्हते. वाळ्यासारखी जड तेले शुद्ध असूनही कागदावर रेंगाळतात आणि कृत्रिम सुगंधी द्रव्ये मात्र मागमूस न ठेवता उडून जातात, त्यामुळे या परीक्षेवर संपूर्ण विश्वास टाकता येत नाही; पण उघड भेसळ तिने पकडता येते. लवंग तेलाचा थेंब ग्लासभर पाण्यात टाकल्यावर तळाशी गेला. ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तसेच व्हायला हवे. निलगिरीचा थेंब वर तरंगत राहिला, तेही बरोबरच.

गुलाब आणि चंदन या नावांनी जे विकले जाते ते मात्र घेऊ नये. दहा मिलिलिटर चंदन तेल मला १६० रुपयांना सांगितले गेले. खरे चंदन तेल किलोला लाखाच्या पुढे जाते, म्हणजे तेवढ्या बाटलीत नुसता मालच हजाराच्या घरात भरतो. मग १६० रुपयांत जे येते ते चंदन असूच शकत नाही. गुलाब तेलाचेही तसेच आहे, कारण एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. दुकानातल्या गुलाब तेलाला जो वास येत होता तो मला रोशा गवताच्या तेलासारखा वाटला. रोशा गवतातला मुख्य घटक जेरॅनिऑल हा गुलाबाच्या तेलातही असतो, आणि पूर्वी खानदेशातून निघणारे रोशा तेल तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठीच जात असे, त्यामुळे ही भेसळ काही आजची नाही. त्याच दुकानात तेच रोशा तेल त्याच्या खऱ्या नावाने स्वस्तात मिळते आणि ते अतिशय सुंदर आहे. ज्याला गुलाबासारखा वास हवा आहे त्याने सरळ तेच घ्यावे.

सुटे तेल भरून देण्याची पद्धत मला पटली नाही. मागे ॲल्युमिनियमचे डबे आहेत, त्यांतून नरसाळ्याने लहान बाटल्या भरल्या जातात, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकच नरसाळे पुदिन्यानंतर लॅव्हेंडरला वापरले गेले. घरी आणलेल्या लॅव्हेंडरला त्यामुळे दोन आठवडे पुदिन्याचा वास येत होता. बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, तिच्यावर वनस्पतीचे नाव असते आणि किंमत असते. तुकडी क्रमांक नाही, भरल्याची तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. औषध म्हणून एखादी वस्तू विकायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे या गोष्टी लेबलवर हव्यातच. सीलबंद बाटल्या वीस-तीस रुपयांनी महाग आहेत, पण घ्यायच्या तर त्याच घ्याव्यात.

आता निलगिरीबद्दल, कारण मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत हेच तेल सर्वांत जास्त खपते. त्यातला मुख्य घटक सिनिओल असतो. त्याच्या वाफेने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते आणि मोठ्या माणसाने रुमालावर दोन थेंब टाकून वास घेतला तर त्यात गैर काही नाही. मी स्वतः तेवढ्यासाठीच ते घरात ठेवते. परंतु दुकानातला मुलगा माझ्यासमोर एका तरुण आईला सांगत होता की बाळाला खोकला असेल तर दुधात एक थेंब द्या आणि छातीला, नाकाखाली चोळा. मी तेथेच थांबून तिला नाही म्हणाले. निलगिरीचे तेल पोटात गेल्यावर थोड्या मिलिलिटरांतही लहान मुलांना गुंगी येते, झटके येतात, श्वास मंदावतो. आणि चमचाभर तेल म्हणजे पाच मिलिलिटर. नाकपुडीजवळ लावलेल्या पुदिन्याच्या किंवा निलगिरीच्या तेलाने तान्ह्या बाळाचा श्वास एकाएकी रोखला जाऊ शकतो, कारण त्या वयात स्वरयंत्र अशा तीव्र वाफेला आकुंचन पावून प्रतिसाद देते. दोन वर्षांखालील मुलाच्या चेहऱ्याजवळ मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी यांतले काहीही नेऊ नये, हे मी खिडकीतून हजारदा सांगितले असेल.

कापराबद्दल येथेच लिहिते, जरी ते तेल नसून वडीच असली तरी. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात किंवा उशाला कापूर आणि ओव्याची पुरचुंडी बांधतात. ती पुरचुंडी सुटून वडी बाळाच्या तोंडात गेली तर अर्ध्या-पाऊण तासात आकडी येऊ शकते, कधी त्याहूनही लवकर येते. अमेरिकेत औषधी मलमांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा १९८० च्या दशकापासून आहे, ती याच कारणाने. या दुकानात कापूर घातलेले खोबरेल मोठ्या बाटलीत मिळते आणि त्यावर प्रमाण लिहिलेले नाही. ज्यांच्या घरात फिट येणारे माणूस आहे, मग ते कोणत्याही वयाचे असो, त्यांनी कापूर आणि निलगिरी दोन्ही घराबाहेर ठेवलेली बरी.

वाफारा घेण्याविषयी एक जोड देते, कारण रुग्णालयात मी विषबाधेपेक्षा यानेच भाजलेली मुले जास्त पाहिली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला चादरीखाली बसवतात, मूल हलते आणि पातेले मांडीवर येते. तेल टाकल्याने त्या पाण्याला औषधी मोल येत असले तरी मुलाला तसे बसवण्यात काहीच शहाणपण नाही.

लवंग तेल हे या दुकानातले माझे सर्वांत आवडते तेल आहे. त्यात बहुतांश युजेनॉल असते, ते दाताची नस बधिर करते, आणि दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरती भर घालतात. गेल्या श्रावणात माझी दाढ रात्री ठणकू लागली, तेव्हा खोबरेलाच्या चमचाभर तेलात दोन थेंब टाकून कापसाच्या लहानशा बोळ्याने मी ते फक्त दाढेवर टेकवले आणि सकाळपर्यंत झोप लागली. नुसते तेल हिरडीला लागले असते तर चट्टा पडला असता. माझ्या शेजारणीला तसा पडलेला मी पाहिला आहे, पांढरा आणि सोललेला. मला दुकानातून मिळालेल्या बाटलीला रबरी फुगा असलेला ड्रॉपर होता. तीन महिन्यांत त्या फुग्याचे रबर फुगून चिकट झाले, कारण या तेलांची वाफ रबर खाते. आणि असला ड्रॉपर हातात असला की थेंब किती पडला याचा नेम राहत नाही. बाटलीच्या तोंडाशी थेंब थांबवणारी चकती हवी, आणि ती फक्त सीलबंद मालात आहे. मुलांना उघडता न येणारे झाकण मात्र या दुकानात एकाही बाटलीला नाही. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

टी ट्री तेलाचे कौतुक थोडक्यात करते. हे ऑस्ट्रेलियातल्या झाडाचे तेल आहे. मुरुमांवर त्याचे ५ टक्क्यांचे जेल आणि तेवढ्याच तीव्रतेचे बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध यांची तुलना १९९० मध्ये प्रसिद्ध झाली होती. टी ट्रीचा गुण सावकाश आला, पण त्वचा कोरडी पडणे आणि आग होणे हा त्रास कमी झाला. म्हणजे चेहऱ्यावर लावायचे ते पाच टक्के, नुसते तेल नव्हे. दुकानातला सल्ला नुसते लावण्याचा आहे. शिवाय हे तेल हवेत आणि उन्हात जुने झाले की त्याने त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते, आणि या दुकानाची काचेची दर्शनी कपाटे पश्चिमेकडे उघडतात. मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, दुपारी चार वाजता मी त्या कपाटातली बाटली हातात घेतली तेव्हा ती कोमट होती. टी ट्री, मोसंबी, लिंबू ही तेले त्या कपाटातून घेऊ नयेत; मागच्या खोलीतली मागावीत, ती ते देतात.

लिंबाच्या तेलाबाबत आणखी एक गोष्ट आहे. साल दाबून काढलेल्या लिंबू तेलात असे काही घटक असतात की ते लावून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग महिनोन्महिने राहतो. चेहऱ्यावरचे डाग जावेत म्हणून हेच तेल येथे सुचवले जाते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात त्याचा परिणाम काय होईल, हे दुकानदाराने एकदा विचारात घ्यावे. तेल दाबून काढलेले आहे की वाफेवर काढलेले आहे, हे मी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळाले नाही.

ज्या अनुभवासाठी मी हे लिहायला बसले तो गंधपुरा तेलाचा आहे. माझ्या धाकट्या जावेच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदललेली आहे आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ती रोज वॉरफॅरिनची गोळी घेते. गुडघे दुखतात म्हणून ती स्वतःच या दुकानात गेली. तिने मला न विचारता जावे यात काही नवल नाही. तेल चोळण्यासाठी कोणी औषधवाल्याला विचारत नाही. तिला गंधपुऱ्याची बाटली दिली गेली आणि सांगितले गेले, “दिवसातून तीनदा चोळा मावशी, झाडपाल्याचं हाय, काही होत नाही.” तिने मन लावून तसे केले. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, पदर बाजूला करून दंड दाखवला आणि म्हणाली, “अक्का, कुठं आपटले नाही, तरी हे बघा.” दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता, मनगटावर दुसरा होता, आणि दात घासताना दोन दिवसांपासून रक्त येत होते. त्याच दिवशी तपासणी केली. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, डॉक्टरांनी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवायला सांगितला होता, तो ५.८ निघाला. गोळीत बदल नाही, खाण्यात बदल नाही; बदलले होते ते फक्त गुडघ्यावरचे तेल.

गंधपुरा तेल जवळजवळ संपूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनच्याच कुळातले द्रव्य. ते कातडीतून रक्तात उतरते, आणि चोळून वर गरम कापड गुंडाळले, जसे आपल्याकडे हमखास करतात, तर आणखी जास्त उतरते. वॉरफॅरिनचा परिणाम त्याने वाढतो आणि रक्त नको तितके पातळ होते. हेच तेल चमचाभर पोटात गेले तर ॲस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या सुमारे २१ गोळ्या एकदम घेतल्यासारखे होते. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी तेवढे प्राणघातक आहे. आणि या तेलाला गोडसर वास येतो, आपल्याला लहानपणीच्या गोळ्यांची आठवण करून देणारा. अशी बाटली गल्ल्याशेजारी, लहान मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, साध्या झाकणात ठेवलेली होती.

डॉक्टरांनी तेल बंद केले, गोळी दोन दिवस थांबवली, आणि दहा दिवसांत आयएनआर जागेवर आला. तिचे निभावले. मी ती बाटली घेऊन दुकानात गेले. गादीवर बसणारे वयस्कर मालक सगळे ऐकून घेईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग बाटली हातात घेऊन चष्म्याजवळ नेली आणि चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर लिहिले होते, “पूर्ण आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाहीत.” ते म्हणाले, “हे आम्हाला पुरवणाऱ्यानेच लिहून दिलंय.” मी त्यांना सांगितले की लिहून कोणी दिले हे माझ्या जावेच्या दंडाला कळत नाही. हे बोलताना माझा आवाज चढला होता, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

दुकानातून मिळणारे घडीपत्रकही याच वृत्तीचे आहे. त्यात दालचिनी तेलाचे दोन थेंब पाण्यातून घेतल्याने मधुमेह जातो असे छापलेले आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वाचून कोणीतरी गोळी सोडेल. तेल पोटातून घेण्याला शास्त्राधार अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या चिडचिडीवर देतात आणि त्यांचा उपयोग होतो. परंतु त्या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे आवरण असते, आत मोजलेली मात्रा असते आणि ती डॉक्टर ठरवून देतात. पाण्यात टाकलेले तेल पाण्यात मिसळत नाही, वेगळेच राहते आणि घोटाबरोबर जसेच्या तसे घशाला लागते. पत्रकातल्या पिण्याच्या सर्व कृती मी पेनाने खोडून ते परत दिले.

लॅव्हेंडर आणि सिट्रोनेला यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्याचा वास मन शांत करतो, आणि झोपताना उशीजवळ एक थेंब पुरतो. दुसऱ्याने डास तासाभर दूर राहतात, नंतर पुन्हा येतात, त्यामुळे डेंग्यूच्या दिवसांत त्याच्यावर विसंबून मच्छरदाणी सोडू नये.

ज्यांना येथून तेल घ्यायचेच आहे त्यांच्यासाठी माझे माप असे आहे : मोठ्या माणसाच्या अंगाला लावायचे असेल तर ३० मिलिलिटर खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात साधारण १२ थेंब, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास, चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. दिवस गेलेल्या बायकांनी, दमा असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. मुलाने तेल प्यायले तर उलटी करवू नये, कारण ते उलटीबरोबर फुप्फुसात उतरते आणि तेथे जास्त हानी करते. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

मागच्या महिन्यात मी निलगिरी आणि लवंग घ्यायला पुन्हा गेले. निलगिरीच्या सीलबंद बाटलीला ८५ रुपये पडले, लवंगेच्या बाटलीला १९०. गंधपुऱ्याची बाटली गल्ल्याशेजारून उठून मागच्या वरच्या फळीवर गेली होती. माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थाने ती मागितली, तेव्हा त्याच मुलाने आधी विचारले, “काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?” गृहस्थ म्हणाले, चालू आहे. मुलाने त्यांना तिळाचे तेल दिले. पिशवीत मात्र तेच जुने घडीपत्रक टाकले, आणि मी ते त्यांच्या हातातून मागून घेतले.